माकडखाऊची सासू

गोल्फच्या खेळात काठी निवडावी तर मी! ही बढाई नाही, वस्तुस्थिती आहे. अख्ख्या मुफुलिरात, म्हणजे आमच्या या खाणीच्या गावात, या बाबतीत माझा हात धरणारा कुणी नाही, आणि असलाच तर तो अजून माझ्यासमोर आलेला नाही.

मी मुबांगा. तांब्याच्या खाणीत माणसांचा पिंजरा खाली-वर करणारं इंजिन चालवतो. खाली गेलेली माणसं संध्याकाळी घरी जेवायला बसणार की नाही, हे माझ्या मनगटावर अवलंबून असतं. त्यामुळे मी मुळातच गंभीर माणूस. हसतो, पण विचार करून हसतो. फोन मी इंजिनघरात नेत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या साहेब विचारतील. खेळतो तो फक्त सुटीच्या वेळात, चहाच्या खोलीत.

आता हा खेळ फोनवरचा. समोरचा खेळाडू कुठेही बसलेला असो, तुम्ही एक फटका मारायचा, त्याने एक. पिशवीत काठ्या मोजक्याच मावतात. लांब मारायची लाकडी, मधल्या पल्ल्याच्या लोखंडी, वाळूतून चेंडू उकरून काढायची एक, आणि शेवटी हिरवळीवर चेंडू हळूच भोकात ढकलायचा तो पटर. कुठल्या वाऱ्याला कुठली काठी घ्यायची, यातच माणसाची परीक्षा. बाकीचे लोक येड्यासारखे भराभर बोट दाबतात. मी आधी वारा बघतो, उतार बघतो, दीर्घ श्वास घेतो, आणि मग उंच उडवणारी काठी निवडतो. नेहमी उंच उडवणारी! चेंडू आभाळात गेला पाहिजे. त्याला एक भारदस्तपणा असतो.

ही विद्या मला सासऱ्यांनी दिली. खाणीच्या जुन्या मैदानावर ते तरुणपणापासून खरा गोल्फ खेळले. पुढे गुडघे गेले, मैदानावर गवत माजलं, मग ते फोनवर खेळू लागले. खेळात त्यांचं नाव मूळ गावावरून 'कासामाचा सिंह', माझं 'इंजिनवाला'. रोज दुपारी आमचा डाव व्हायचा. मी काठी निवडली की ते लिहायचे, "वा, जावईबापू! काय ती निवड!" रोज! एक दिवस चुकले नाहीत. हे शब्द मी अजून मनात जपून ठेवले आहेत.

गेल्या थंडीत, आमच्याकडे ती जून-जुलैत असते, सासरे गेले. मला माणसासमोर रडता येत नाही, म्हणून मी इंजिनघराच्या मागे जाऊन रडलो. त्यानंतर बरेच दिवस मी खेळ उघडलाच नाही.

मग ऑक्टोबरच्या उन्हात एका दुपारी सहज उघडला, आणि माझ्या हातातला चहा सांडला. 'कासामाचा सिंह' या नावापुढे हिरवा दिवा लागला होता!

"म्बेवे!" मी ओरडलो. "इकडे ये! माझा मेलेला सासरा गोल्फ खेळतोय!"

म्बेवे म्हणजे पिंजऱ्याची घंटा वाजवणारा माझा जोडीदार. तो न्गोनी, मी बेंबा. या दोन जमातींचं नातं चेष्टेचं. तो मला काहीही बोलू शकतो, मी त्याला काहीही बोलू शकतो, आणि राग मानायचा नाही. राग मानला तर तोच गुन्हा. मयताच्या घरीसुद्धा आम्ही एकमेकांची खेचतो, आणि लोक त्याला पुण्य समजतात. आम्ही त्यांना उंदीरखाऊ म्हणतो, ते आम्हाला माकडखाऊ म्हणतात. असं आजोबा-पणजोबांपासून चालत आलं आहे.

म्बेवेने फोन डोळ्यांजवळ धरला. "तुम्ही माकडखाऊ लोक मेलेल्यालासुद्धा स्वस्थ झोपू देत नाही. बिचाऱ्याला वरून खेळायला बोलावलंत?"

"थट्टा पुरे. कुणीतरी त्यांचा फोन चोरलाय. मयताला केवढी गर्दी होती! कुणी उचलला असेल."

"मग बायकोला विचार की."

इथे माझा मोठेपणा आडवा आला. कासुबाला, म्हणजे माझ्या बायकोला, वडील जाऊन किती दिवस झाले होते? तिला आणखी चोरीची बातमी द्यायची? नाही! हा चोर मी एकटा पकडणार. मी तिथल्या तिथे त्याला डावाचं आव्हान दिलं, आणि त्याने ते घेतलं.

चोराचा खेळ बघून मला घाम फुटला. पहिलाच फटका, समोर लांबच लांब मैदान, आणि या माणसाने काठी कुठली घ्यावी? पटर! हिरवळीवर चेंडू ढकलायची काठी! चेंडू सरपटत थोडा गेला आणि थांबला. पुन्हा पटर. पुन्हा थोडा. सासऱ्यांच्या पिशवीत त्यांची ती जुनी लाकडी काठी होती, खेळ सुरू करताना सगळ्यांना मिळते तीच, पण त्यांनी कधी बदलली नव्हती. वर्षानुवर्षं खेळून खेळून तिची ताकद वाढवली होती. ती तशीच पिशवीत, आणि हा मूर्ख पटरने मैलभर निघालेला!

खेळात समोरच्याला लिहिता येतं. मी लिहिलं, "चोरा, मला सगळं माहीत आहे."

समोरून उत्तर आलं एक चित्र. वर केलेला अंगठा.

"बघ निर्लज्ज!" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरवा दिवा. पुन्हा पटर. मी लिहिलं, "असली निवड करायची तर खेळू नकोस. घरी जाऊन भांडी घास!"

अंगठा.

"तुझ्या घरात कुणी वडीलधारं माणूस आहे की नाही?"

अंगठा.

असा आठवडा गेला. मी रोज शिव्या सुधारत होतो आणि तो रोज अंगठा दाखवत होता. माझी झोप उडाली. सासऱ्यांनी इतक्या प्रेमाने वाढवलेली काठी या भामट्याच्या पिशवीत पडून राहावी, आणि उद्या त्याने ती पिशवी कुणाला तरी विकून टाकावी, हे मला सहन होईना. त्यापेक्षा ती काठी राहूच नये!

या खेळात एक भट्टी असते. जुन्या काठ्या तिच्यात टाकल्या की वितळून एक नवी चकाकती काठी निघते. पण टाकलेली काठी कायमची गेली, परत मिळत नाही. मी एकदम सूर बदलला. गोड शब्दांत लिहिलं, "मित्रा, माझं चुकलं. तुला एक युक्ती सांगतो. ती जुनी लाकडी काठी भट्टीत टाक. सोन्याची मिळेल."

 मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, शब्द आले. "तुम्ही म्हणता तर टाकते."

मी 'टाकते' वाचलं. नीट वाचलं. पण माझ्या डोक्यात चोर बसला होता, म्हणून वाटलं, चोरीण असेल. बायका चोऱ्या करत नाहीत की काय?

थोड्या वेळाने पडद्यावर ज्वाळा दिसल्या, टण्ण आवाज झाला, आणि सासऱ्यांची काठी वितळली. मी डोळे मिटून मनात म्हणालो, "तात, तुमची अब्रू राखली." म्बेवेनेसुद्धा टोपी काढली. तो माझी चेष्टा करत होता, पण मला ते तेव्हा कळलं नाही.

संध्याकाळी जेवायला बसलो. कासुबाने उब्वालीचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या उकडीचा, गरम गोळा माझ्यापुढे ठेवला, शेंगदाण्याच्या कुटातली भोपळ्याची पानं वाढली, आणि स्वतः न जेवता बसून राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"आईचा फोन आला होता. दुपारपासून रडतेय."

"तात आठवले असतील."

"तेच तर. बाशी-चोला, तुम्हाला सांगायचं राहिलं." बाशी-चोला म्हणजे चोलाचा बाप, म्हणजे मी. "बाबांचा फोन आईने उशाशी ठेवलाय. दुपारी तो टण्ण वाजायचा बंद झाला आणि घर खायला उठलं म्हणाली. म्हणून ती त्यांचा तो खेळ उघडून बसते. आईला खेळ कुठला यायला! पण बोट फिरवते."

मी घास परत ताटात ठेवला.

"बाबांची एक लाकडी काठी होती म्हणे त्यात. बाबांनी तिला आईचं नाव दिलं होतं, ते फक्त त्यांच्याच फोनवर दिसायचं. लांब जात नाही पण सरळ जाते, असं म्हणायचे. आई ती काठी वापरतच नव्हती. झिजेल म्हणून! पटरनेच सगळीकडे मारायची. आणि आज कुणीतरी तिला काय काय सांगून ती भट्टीत टाकायला लावली. गेली ती. बाशी-चोला, कोण असेल हो असा माणूस?"

मला वाटतं, पिंजऱ्याचा दोर तुटला तरी मी इतका हादरलो नसतो.

इथे आमच्याकडची एक गोष्ट सांगितली पाहिजे. जावयाने सासूच्या समोर जायचं नाही. तिच्याशी बोलायचं नाही, तिच्यासमोर जेवायचं नाही, तिचं नाव तोंडातून काढायचं नाही. हल्ली शहरात कुणी इतकं मानत नाही. पण माझ्या सासूबाई कासामाच्या, जुन्या वळणाच्या, आणि मी हा असा गंभीर. लग्न झाल्यापासून मी त्यांचा चेहरा नीट पाहिलेला नाही. बाजारात त्या समोरून आल्या की त्या अंगाभोवतीचं कापड, चितेंगे, डोक्यावरून पुढे ओढतात आणि मी जवळच्या आंब्यामागे जातो. एकदा आंबा नव्हता तर मी एका परक्या माणसाच्या ट्रकमागे उभा राहिलो, आणि ट्रक निघून गेला. तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते.

हे सगळं संपतं ते एका समारंभाने. जावई बरा निघाला, मुलीला नीट सांभाळतो, असं घरच्यांना पटलं की ते त्याला मानाने घरात घेतात. सासू स्वतः त्याचे हात धुते, झाकलेली ताटं पुढे ठेवते, आणि त्यानंतर तो त्या घरचा मुलगा होतो. सासऱ्यांनी जाण्याआधी शेवटची इच्छा सांगितली होती, "त्या पोराला आत घ्या." समारंभ ठरला होता. येत्या शनिवारचा.

आणि मी सासूबाईंना आठवडाभर चोर म्हणत होतो.

"मी," मी म्हणालो.

"काय मी?"

"तो माणूस मी."

 कासुबाने ताट उचललं, माझ्या पुढ्यातलं, आणि आत घेऊन गेली. आतून आवाज आला, "आणखी काय काय लिहिलंत आईला?"

मी भांड्यांचा मजकूर सांगितला. आतून भांडंच पडल्याचा आवाज आला.

सासूशी बोलायचं झालं तर मध्यस्थ लागतो. आमचं लग्न जमवणारे बा कापेसा अजून ठणठणीत आहेत. उन्हात, सावलीत, चर्चमध्ये, कुठेही छत्री उघडूनच असतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात मी गुडघे टेकून बसलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"म्हणजे तू बाईंची काठी मोडलीस."

"मोडली नाही, बा. त्यांना ती वितळवायला लावली."

"लाकडी काठी वितळली?"

"ती खरी लाकडी नव्हती, बा. चित्र होतं."

"मग चित्र फाडलंस."

"फाडलं नाही. ते फोनमध्ये होतं."

"म्हणजे फोन फोडलास!"

"फोन धडधाकट आहे, बा!"

बा कापेसांनी एक डोळा उघडला. "मुबांगा, जी वस्तू नव्हतीच ती तू नाहीशी केलीस, आणि त्यासाठी माफी मागतोयस. बेटा, तुझं खाणीतलं काम फार खोलवरचं असतं का?"

"बा, त्यांना दुःख झालंय. ते खरं आहे."

म्हाताऱ्याने दुसरा डोळा उघडला. "असं म्हण ना मग. पांढरी कोंबडी आण."

पांढरी कोंबडी दिली. बा कापेसा छत्री आणि कोंबडी सांभाळत कांतान्शीला सासूबाईंकडे गेले. पण म्हाताऱ्याने वाटेत थांबून दोन ओळखीच्यांना ही कैफियत सांगितली, त्यांनी आणखी कुणाला सांगितली, आणि संध्याकाळपर्यंत कासामाहून कासुबाच्या मावशीचा फोन आला. त्या इतक्या मोठ्याने ओरडत होत्या की फोन टेबलावर असूनही मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"कासुबा! तुझ्या नवऱ्याने सासूला भट्टीत घातलं म्हणे!"

"नाही गं, मावशी. आईच्या नावाची काठी होती."

"म्हणजे आधी काठीने मारलं?"

कासुबा फोनवर बराच वेळ समजावत राहिली. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. शेजारचा फाटकातून मला बघून आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. तांब्याच्या भट्टीजवळ काम करणाऱ्या माणसाबद्दल अशी बातमी उठली की लोकांना ती पटायला वेळ लागत नाही.

बा कापेसा परत आले. कोंबडी नव्हती.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"कोंबडी ठेवून घेतली. म्हणाल्या, शनिवारी या."

"रागात म्हणाल्या की कसं?"

"चेहरा चितेंग्याखाली होता. मला काय दिसणार?"

"आवाज?"

"आवाजही चितेंग्याखालूनच आला."

म्बेवेने सगळं ऐकलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शनिवारी झाकण उचलशील ना, आत जुनी चप्पल असेल बघ. मी येणारच आहे तुझ्याबरोबर. ती चप्पल मी खाणार नाही, आधीच सांगतो."

"म्बेवे, मला ती काठी परत आणायची आहे. काहीही झालं तरी."

मी खेळवाल्यांना लिहिलं. माझी सासू विधवा आहे, हे घरचं दुःख आहे, कृपा करा. तत्काळ उत्तर आलं की माझा अनुभव त्यांना फार मोलाचा वाटतो, आणि त्या अनुभवाला मी किती तारे देईन. मी एकही दिला नाही.

युक्ती शेवटी म्बेवेलाच सुचली, हे कबूल केलं पाहिजे. "अरे, ती काठी सुरुवातीला सगळ्यांना मिळते म्हणतोस ना? मग नव्या नावाने खेळ सुरू कर. काठी मिळव. सासूला भेट दे."

भेट देण्याआधी मात्र बरेच डाव जिंकावे लागतात, आणि जवळ फक्त नवशिक्याच्या काठ्या. मी प्रत्येक सुटीत खेळलो. जेवण सोडून खेळलो. जगातली सगळी लहान पोरं मला हरवत होती आणि वर हसरी तोंडं पाठवत होती. उंच उडवणारी काठी या पिशवीत नव्हतीच, तरी कसे कोण जाणे, मी डाव जिंकत गेलो. याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता. शुक्रवारी दुपारी काठी भेट द्यायची मुभा मिळाली, आणि खेळाने विचारलं: काठीला काय नाव द्यायचं?

माझं बोट हवेत थांबलं. सासूबाईंचं नाव! ते मी उच्चारू शकत नाही, तर लिहिणार कसं? घरी फोन लावला.

"तू लिही," मी कासुबाला म्हणालो. "मी फोन घेऊन येतो."

"मी? मी आईला नावाने हाक मारू? वेड लागलंय का तुम्हाला?"

"हाक नाही मारायची. फक्त टंकायचं."

"तुमच्या टंकण्यानेच हे सगळं झालंय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

म्बेवे शेजारी बसून शेंगा सोलत होता. "माझ्याकडे दे," तो म्हणाला. "मला तुमच्या घरातलं कुठलंही नाव घ्यायची बंदी नाही. मी चुलत-जमातीचा. सासूबाईंचं नाव मला ठाऊक आहे, मयताला ऐकलं होतं."

मला हायसं वाटलं. फोन त्याच्या हाती दिला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं, कारण ते नाव माझ्या नजरेसही पडायला नको होतं. मागे बोटांची टकटक ऐकू आली. मग टण्ण.

"पाठवली," म्बेवे म्हणाला. "आता वळलास तरी चालेल. यात बघू नये असं काही नाही."

मी वळलो. पडद्यावर लिहिलं होतं: 'माकडखाऊची सासू' ही काठी आपण भेट दिली आहे. दिलेलं नाव बदलता येत नाही.

"म्बेवे!!"

"काय झालं? खोटं लिहिलं का मी?"

माझ्या कानशिलातून वाफ निघत होती. पण राग मानायचा नसतो! मी हसलो. हसणं भागच होतं. असं हसू मी आयुष्यात कधी हसलो नव्हतो. चहाच्या खोलीतली दोन माणसं उठून बाहेर गेली.

शनिवार उजाडला. मी लग्नातला कोट घातला. तो आता पुढून मिटत नव्हता. सासूबाईंच्या अंगणात आंब्याखाली चटया घातल्या होत्या. एका बाजूला मावश्या आणि आत्या, कासामाच्या मावशींसह. त्या माझ्याकडे असं बघत होत्या की जणू माझ्या खिशात काडेपेटी असावी. दुसऱ्या बाजूला बा कापेसा, छत्रीसह. मी खाली मान घालून बसलो. म्बेवे माझ्या शेजारी.

सासूबाई आल्या. चितेंगे कपाळापर्यंत ओढलेलं. गुडघ्यांवर बसून त्यांनी माझ्या हातांवर पाणी घातलं. पाणी कोमट होतं.  मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. ज्या घरात रोज दुपारी एक आवाज यायचा आणि थांबला, त्या घरातली बाई तो आवाज शोधत फोनपाशी बसली होती, आणि मी तिला काय काय लिहिलं होतं!

पहिलं झाकण उचललं. भोपळ्याची पानं. दुसरं उचललं. सुकी मासळी, टोमॅटोत परतलेली. तिसऱ्यात अख्खी कोंबडी, काळजासकट. चप्पल कुठेच नव्हती! मी म्बेवेकडे बघितलं. तो खरोखर निराश झाला होता.

मग एक छोटी झाकलेली टोपली पुढे आली. मी झाकण उचललं.

आत फोन होता. सासऱ्यांचा. पडद्यावर डाव मांडलेला, आणि समोरच्या खेळाडूच्या जागी नाव 'इंजिनवाला'. मी बावरून बा कापेसांकडे पाहिलं. त्यांनी छत्री हलवून "मला विचारू नकोस" अशी खूण केली.

सासूबाईंनी मला खिशातून माझा फोन काढायची खूण केली. काढला. मग त्यांनी आपलं बोट पडद्यावर नेलं. मला वाटलं, पटर. पण बोट पटरवरून पुढे सरकलं आणि लाकडी काठीवर टेकलं. पडद्यावर ठळक अक्षरं उमटली: माकडखाऊची सासू.

कासामाच्या मावशींनी मान पुढे काढून ती मोठ्याने वाचली.

 म्बेवे हळूच उठला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "नाव ठेवण्याची सेवा या गरीब न्गोन्याने केली आहे, आई. न्याय करा."

चितेंग्याखालून आधी एक बारीक आवाज आला. मला वाटलं, रडताहेत. मग खांदे हलू लागले. सासूबाई हसत होत्या! पोट धरून, डोळे पुसत, पुन्हा हसत. कासुबाने तोंडावर हात घेतला. बाबा गेल्यापासून आईला हसताना तिने पाहिलं नव्हतं, असं तिने मला नंतर सांगितलं.

"ही वापरते मी," सासूबाई कासुबाला म्हणाल्या. "ही झिजली तरी चालेल." आणि फटका मारला. चेंडू लांब नाही गेला, पण सरळ गेला. बायकांनी आनंदाने जिभा हलवून आरोळी दिली.

पाळी माझी. सगळे बघत होते. मी वारा पाहिला. समोरून, जोराचा. उतार पाहिला. दीर्घ श्वास घेतला. आणि उंच उडवणारी काठी निवडली. चेंडू आभाळात गेला, भारदस्तपणे थांबला, वाऱ्याने मागे आला आणि तळ्यात पडला.

सासूबाईंनी डोक्यावरचं चितेंगे मागे सारलं. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांचा चेहरा समोरून पाहिला. कासुबाचेच डोळे. त्या माझ्याशी पहिल्यांदा बोलणार होत्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुमचे सासरे रोज जेवताना मला सांगायचे. पोरगा सोन्यासारखा आहे, पण काठी निवडायची अक्कल त्याला देवाने दिलेली नाही. 'काय ती निवड' असं लिहून यायचे आणि इथे बसून हसायचे. मला खरं वाटत नव्हतं. म्हणून बघायला गेले."

 मी चटईवर कपाळ टेकलं आणि म्हणालो, "आई, मी जे काही लिहिलं... मला माफ करा."

"काय लिहिलंत? मी काही वाचलं नाही. माझा चष्मा कुठे असतो जाग्यावर!"

माझ्या छातीवरचा दगड उतरला. देवा, तुझे उपकार! मी कोंबडीचं काळीज उचललं आणि पहिल्यांदाच सासूच्या समोर पोटभर जेवलो. मावशीसुद्धा माझ्याकडे बघून हसल्या. सासूबाई रिकामी ताटं एकावर एक रचून उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"आणि जावईबापू, भांडी मी सकाळीच घासते हो."

मी अंगठा वर केला.